जुन्या पीसीवर लिनक्स टाकून विंडोजचे गेम खेळतेय, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी कंप्युटर लाइनमधली नाही. अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, टॅली आणि एक्सेलच्या पलीकडे माझं ज्ञान संपतं. पण गेम कॉलेजपासून खेळते आणि पैसे काढताना दहादा विचार करते, या दोन सवयींमुळे हा सगळा उपद्व्याप झाला. तर हा रिव्ह्यू लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम), स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान) आणि प्रोटॉन (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) या त्रिकुटाचा, वापर गेल्या दसऱ्यापासून. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल इथेच सांगून टाकते: एकटे खेळत असाल तर डोळे झाकून इन्स्टॉल करा, मित्रांचं टोळकं घेऊन ऑनलाइन मारामारी खेळत असाल तर हात पण लावू नका. मधलं काही नाही. आता बाकीचं निवांत वाचा.

घर विक्रोळीला, कन्नमवार नगर. पीसी २०१६ चा, प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह सहाव्या पिढीचा, रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबीवालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे, म्हणजे माझा पीसी दारातच बाद. एक वर्ष वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय होती, नाही असं नाही, पण टेकू लावून रिडेव्हलपमेंटची वाट बघत बसणं हे आम्ही बिल्डिंगच्या बाबतीत करतोच आहोत, पीसीच्या बाबतीत परत तेच कशाला. लॅमिंग्टन रोडला जाऊन विचारलं तर दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढून बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं करत करत पस्तीस हजारांवर आणून ठेवलं आणि वर "मॅडम कॅबिनेट पण बदलून टाका, लाइटवालं देतो" म्हणाला. मी तीन हजारांच्या आत बसणारी एक एसएसडी घेतली आणि ग्रँट रोडवरून ट्रेन पकडली.

दसऱ्याला सकाळी सीपीयूला झेंडूचं फूल वाहिलं आणि रात्री मिंट टाकलं. जुनी एक टीबीची डिस्क तशीच ठेवली, विंडोजसकट, म्हटलं लोचा झाला तर परतीची वाट असावी. मिंट टाकायला अर्धा तास पण लागला नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, मगच इन्स्टॉल करायचं, ही सोय भारीच.

इथे मी पहिली माती खाल्ली आणि ती सविस्तर सांगते कारण तुम्ही पण खाणार. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर नावाचं एक छोटं प्रोग्राम आहे, त्यात रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा, बस. पण बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारं कुलूप) चालू असेल तर मिंट मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगतं. मी ठरवला, कशासाठी ते वाचलं नाही. रिस्टार्ट केल्यावर एकदम निळा स्क्रीन, इंग्रजीत लिहिलेलं की एमओके मॅनेजमेंट करायचं असेल तर बटण दाबा, आणि खाली दहापासून उलटी मोजणी. निळा स्क्रीन म्हटल्यावर विंडोजवाल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो, मी घाबरून बघत बसले, मोजणी संपली, पीसी चालू झाला आणि डेस्कटॉप असा दिसायला लागला जसा जुन्या टीव्हीवर केबल हलली की दिसायचा, सगळं मोठं मोठं आणि फुगलेलं. त्या दहा सेकंदांत बटण दाबून "एनरोल एमओके" निवडायचं असतं आणि मगाचाच पासवर्ड टाकायचा असतो, म्हणजे मदरबोर्डला कळतं की हा ड्रायव्हर घरातलाच आहे, आत घे. मला हे कळायला रात्रीचा दीड वाजला. शेवटी मी बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद केलं. हे बरोबर आहे का माहितगार लोक सांगतील, माझं काम झालं.

आता प्रोटॉन म्हणजे काय, कारण ऑफिसात सगळे विचारतात की "म्हणजे आत विंडोज टाकलेलं असतं का?" नाही. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, पगार झाला की गावी मनीऑर्डर. त्यांना लिहिता येत नव्हतं, तर पोस्टाबाहेर एक माणूस बसायचा, आजोबा आपल्या मालवणीत सांगायचे आणि तो पोस्टाला पाहिजे तसा फॉर्म भरून द्यायचा, खाली खुशालीच्या दोन ओळी टाकून. पोस्टातल्या क्लार्कला मालवणी यायची गरज नाही आणि आजोबांना फॉर्मची. प्रोटॉन तो पोस्टाबाहेरचा माणूस आहे. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो की फाइल उघड, आवाज काढ, अमुक त्रिकोण रंगव, आणि प्रोटॉन ते लिनक्सच्या फॉर्मवर उतरवून आत देतो. यातलं फाइल, खिडक्या, आवाज वगैरे काम वाइन नावाचं सॉफ्टवेअर करतं, ज्याची सुरुवात १९९३ ची आणि १.० व्हर्जन यायला २००८ उजाडलं, पंधरा वर्षं! (आमची रिडेव्हलपमेंट पण त्याच वेगाने चालू आहे.) आणि चित्रांचं काम डीएक्सव्हीके करतं, म्हणजे डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्रांच्या भाषेतल्या, ११ व्या व्हर्जनपर्यंतच्या, मागण्या लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या भाषेत बदलून देणं. डायरेक्टएक्स १२ साठी वेगळा माणूस, व्हीकेडी३डी-प्रोटॉन. डीएक्सव्हीकेची गोष्ट मला फार आवडते, फिलिप रेबोले नावाच्या एका माणसाला लिनक्सवर निअर ऑटोमाटा हा गेम खेळायचा होता, चालेना, म्हणून त्याने स्वतःच हे लिहायला घेतलं. पुढे व्हॉल्व्हने, म्हणजे स्टीमच्या कंपनीने, त्याला या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये हे सगळं एकत्र बांधून प्रोटॉन आलं. तेव्हा अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते. २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक निघाला, हातात धरून गेम खेळायचा पीसी, जो आतून लिनक्सच आहे, आणि मग यांना प्रोटॉन नीट चालवण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. आज जे फुकटात आपल्याला मिळतंय ते मुळात त्या डेकसाठी केलेलं काम आहे, तो डेक आपल्याकडे अधिकृत विकत मिळत नाही ते सोडा.

बरं, स्टीम टाकलं, लॉगिन केलं, जुन्या डिस्कवर आधीच डाउनलोड केलेले सगळे गेम होते, तोच फोल्डर स्टीमला दाखवला. लायब्ररी भरली, मी खूश. प्ले दाबलं. बटणावर स्टॉप आलं, चार-पाच सेकंद गेले, परत प्ले आलं. एवढंच. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. परत दाबलं, परत तेच. दहा वेळा दाबलं, लिफ्टचं बटण दाबतात तसं. दुसरा गेम, तेच. मग प्रोटॉनचं व्हर्जन बदललं (गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे यादी मिळते, ही जागा लक्षात ठेवा, नव्वद टक्के दुरुस्ती तिथेच होते), तरी तेच. माझी दोन संध्याकाळ गेली आणि दोष निघाला माझ्या आळसाचा. ती डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह बनवतो आणि त्यात शॉर्टकटसारख्या लिंक आणि कोलनवाली नावं वापरतो, ते एनटीएफएसवर धड बसत नाही. वर माझ्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू होतं, त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स ती डिस्क नुसती वाचायला देतं, लिहायला नाही. म्हणजे दोन्हीकडून बोंब.

उपाय सोपा निघाला. गेम परत डाउनलोड करायची गरज नाही. स्टीमअॅप्सच्या आत कॉमन नावाचा फोल्डर असतो, त्यातला गेमचा फोल्डर उचलून एसएसडीवरच्या तशाच कॉमनमध्ये टाकायचा आणि मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं, ते आधी असलेल्या फाइल तपासतं आणि जे कमी आहे तेवढंच उतरवतं. विचर ३ असा अख्खा वाचला, नाहीतर पन्नास जीबी परत. ज्यांनी हे वाचून एनटीएफएसवरच लायब्ररी ठेवली त्यांनी नंतर मला सांगू नका.

आता मुख्य मुद्दा, चालतं कसं. विचर ३ माझ्याकडे विंडोजवर मिडियम सेटिंगला पंचेचाळीस-पन्नास एफपीएस (सेकंदाला इतकी चित्रं) देत होता, इथे चाळीस ते पंचेचाळीस देतो. पाच गेले. मला खेळताना ते पाच कुठे गेले ते दिसत नाही, मॅंगोहड नावाचं आकडे दाखवणारं अॅप लावून कोपऱ्यात बघत बसलं तरच दिसतं, आणि आकडे बघत बसायचं असेल तर मला ऑफिस आहे. पण एक खुबी आहे. डिसेंबर २०२२ ला त्याचं मोठं अपडेट आलं, तेव्हापासून लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारतात. माझ्यासारखं जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर ११ च निवडा. १२ लावलं आणि गेममधल्या नोव्हिग्रॅड शहराच्या बाजारात शिरले तर गेम असा अडकत अडकत चालला जशी संध्याकाळी सातची एलबीएस रोडवरची बस. ११ वर तोच बाजार मोकळा. लिनक्सवर डायरेक्टएक्स १२ च्या गेमना एनव्हिडियावर तसाही जरा जास्त मार बसतो, आणि कार्ड जुनं असेल तर विचारूच नका.

एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन, जी २०१९ ला आली, ती पहिल्या झटक्यात चालली. काही करावं लागलं नाही, म्हणून लिहिण्यासारखं पण काही नाही. रात्री एक वाजेपर्यंत गावकऱ्यांना लाकडं तोडायला लावली, सकाळी ७:४० ची लोकल चुकली, हा दोष प्रोटॉनचा धरता येणार नाही.

जीटीए ५ माझ्याकडे एपिकवर, म्हणजे स्टीमसारख्याच दुसऱ्या ऑनलाइन दुकानात, आहे, मे २०२० ला लॉकडाउनमध्ये एपिकने फुकट वाटला होता तेव्हाचा, अख्खी दुनिया तुटून पडली होती आणि साइट झोपली होती, आठवत असेल. एपिकचं स्वतःचं लिनक्ससाठी काही नाही, पण हिरोइक नावाचं एक मोफत लाँचर आहे, त्यात एपिक, गॉग आणि अॅमेझॉनचे गेम येतात. लॉगिन करा, गेम निवडा, प्रोटॉन किंवा वाइनचं व्हर्जन निवडा, झालं. गेम छान चालतो, पण गेमच्या आत कंपनीचा अजून एक लाँचर असतो, हिरोइकच्या आत तो, त्याच्या आत गेम, कांद्यासारखं, आणि त्यातला एक पापुद्रा अपडेट झाला की कधीकधी दुसरा रुसतो. माझं आत्तापर्यंत दोनदा झालं, दोन्ही वेळा प्रोटॉनचं व्हर्जन बदलल्यावर सुटलं. हे मी फक्त स्टोरी मोडबद्दल बोलतेय. ऑनलाइनचं खाली येतंय.

मग ते रंगीत पट्टे. एक जपानी गेम सेलमध्ये घेतला होता, चालू केला, सुरुवातीचा व्हिडिओ यायच्या ऐवजी स्क्रीनभर उभे रंगीत पट्टे आले, हुबेहूब दूरदर्शनवर सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी यायचे तसे. बाबा मागून म्हणाले, "अगं, टीव्ही कसा लागला?" मला वाटलं कार्ड गेलं. पण कार्ड ठणठणीत होतं. काही व्हिडिओंचे फॉरमॅट पेटंटवाले असतात, ते उघडणारं सॉफ्टवेअर प्रोटॉनमध्ये सरळ टाकता येत नाही, म्हणून व्हॉल्व्ह असे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून मागच्या दाराने पाठवतं, आणि ज्या व्हिडिओचं अजून बदललेलं रूप आलेलं नाही तिथे हे पट्टे दाखवतात. म्हणजे गेम बिघडलेला नाही, नुसता सिनेमा चुकला. यावर औषध जीई-प्रोटॉन, बाहेरच्या एका माणसाने जास्तीचे कोडेक वगैरे घालून बनवलेलं प्रोटॉन. प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या छोट्या अॅपमधून एका क्लिकला उतरतं, स्टीम बंद करून चालू केलं की वरच्याच त्या कम्पॅटिबिलिटीच्या यादीत दिसायला लागतं. लावलं, व्हिडिओ दिसला. खरं सांगू तर व्हिडिओ कंटाळवाणा होता, पट्टे बरे होते.

सगळ्यात जास्त आनंद कशाने झाला असेल तर क्रिकेट ०७. हसू नका. २००६ च्या शेवटी आलेला गेम, आपल्याकडे ज्याच्या घरी पीसी त्याच्या घरी हा, आणि रिची बेनो आणि मार्क निकोलस यांची तीच तीच कॉमेंट्री पाठ झालेली. माझ्याकडे जुन्या हार्ड डिस्कवर कॉलेजपासूनचा फोल्डर पडून होता (कुठून आला विचारू नका, तेव्हा स्टेशनबाहेर सगळं मिळायचं). विंडोज १० वर तो माझ्याकडे कधी उघडायचा, कधी नाही, कम्पॅटिबिलिटी मोड, अॅडमिनिस्ट्रेटर, सगळी पूजा करून पण. इथे लुट्रिस नावाच्या लाँचरमध्ये नवीन एंट्री केली, गेमची एक्सई फाइल दाखवली, वाइन निवडलं आणि पहिल्या फटक्यात तो लोडिंगचा स्क्रीन. चौकोनी पडद्यासाठीचा गेम असल्यामुळे आताच्या रुंद मॉनिटरवर सगळे बॅट्समन जरा जाडसर दिसतात, ते चालतंय. वाइनची ही गंमत आहे, जुन्या विंडोजच्या सवयी ते सांभाळून ठेवतं, त्या खुद्द नवीन विंडोजने टाकून दिल्या तरी. सीडीत सेफडिस्क नावाचं कुलूप असलेले जुने गेम विंडोज १० आल्यावर बंद पडले होते, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला, सुरक्षेसाठी, आणि ते बरोबरच होतं, पण गेम गेले ना.

बाबांचं पण सांगते. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, विक्रोळी डेपो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यासाठी युरो ट्रक सिम्युलेटर २ घेतला. आता हा गेम लिनक्ससाठी वेगळा बनवलेला आहेच, प्रोटॉन लागतच नाही, त्यामुळे या रिव्ह्यूत धरायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी जर्मनीत गाडी काढली, पाच मिनिटांत म्हणाले "हे सगळे उलट्या बाजूने येतायत" आणि उठून गेले. मग लक्षात आलं, इंग्लंडमध्ये आपल्यासारखी डाव्या बाजूने गाडी चालते. नवीन प्रोफाइल करून बर्मिंगहॅमला ऑफिस घेतलं. आता रोज चहा झाला की बर्मिंगहॅम ते लंडन एक फेरी. परवा सिग्नल तोडल्याचा दंड बसला तर स्क्रीनशी भांडत होते, "एकतीस वर्षांत एक मेमो नाही माझ्यावर, पिवळा होता तो!" गेमपॅडचं म्हणाल तर लॅमिंग्टन रोडचा साधा यूएसबीवाला घेतला, लावला तसा चालला, ड्रायव्हर वगैरे काही नाही.

आता वाईट बातमी. भाचा दहावीत आहे, वरच्याच मजल्यावर राहतो, त्याला हा पीसी म्हणजे व्हॅलोरंट, ऑनलाइन गोळीबाराचा गेम. पहिल्याच रविवारी आला, "आत्या, व्हॅलोरंट कुठंय गं?" मी म्हटलं बघूया, आणि बघण्यासारखं काही नव्हतंच. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतं. प्रोटॉन फॉर्म भरून देऊ शकतं, पण पोस्टमास्तरच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवू शकत नाही, ती खुर्चीच इथे वेगळी आहे. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, पबजी पीसीवाला नाही, कॉल ऑफ ड्यूटीचा ऑनलाइन नाही. हे "थोडं सेटिंग केलं की चालेल" मधलं नाही. यूट्यूबवर कोणी चालवून दाखवत असेल तर तो झोल आहे, आणि अकाउंट बॅन झालं तर तुमचं होणार, त्याचं नाही.

आणि चीड याची येते की काही ठिकाणी हे तांत्रिक कारण पण नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटीचीटनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलंय, फक्त गेमवाल्याने हो म्हणायला पाहिजे. काही म्हणतात, काही नाही म्हणत, आणि काही आधी हो म्हणून नंतर नाही म्हणतात. जीटीए ऑनलाइन लिनक्सवर मस्त चालत होता, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर. एपेक्स लेजंड्स चालत होता, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर लिनक्सवरून बंद केला, कारण दिलं की लिनक्सवरून चीटिंग पकडणं अवघड जातं. म्हणजे आज चालतोय म्हणून विकत घेतलेला ऑनलाइन गेम उद्या सकाळी चालेलच याची खात्री तुम्हाला कोणी देत नाही, हे मनाशी पक्कं करून मगच पैसे घाला. एकट्याने खेळायच्या गेमला ही भीती नाही, म्हणून मी वर म्हटलं की मधलं काही नाही.

भाच्याला काउंटर-स्ट्राइक २ लावून दिला, तो फुकट आहे आणि व्हॉल्व्हचाच असल्यामुळे लिनक्सवर सरळ चालतो. दोन दिवस खेळला, म्हणाला "आत्या, माझे सगळे मित्र तिकडे आहेत ना पण." बरोबर आहे त्याचं. तुमचा ग्रुप जिथे आहे तोच तुमचा गेम, ग्राफिक्सने काय होतंय. वहिनीने मात्र पीसीला पाच स्टार दिलेत, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत विंडोज परत टाकायचं नाही अशी मला ताकीद आहे.

गेम घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. प्रोटॉनडीबी साइटवर गेमचं नाव टाका, तिथे लोकांनी आपापल्या मशीनवरचे अनुभव लिहिलेले असतात आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि अगदी हुकलेल्याला बोर्क्ड असा शिक्का मिळतो. नुसता शिक्का बघू नका, खाली उतरून तुमच्यासारखं कार्ड असलेल्या माणसाने काय लिहिलंय ते वाचा, कारण प्लॅटिनम लिहिणाऱ्याकडे लाखाचं कार्ड असू शकतं. दुसरं, स्टीमचा रिफंड. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. मी यूपीआयने घेते, एक गेम परत केला होता, पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये बिनबोभाट आले. पण ते दोन तास दुरुस्ती करण्यात घालवू नका, घड्याळ तेव्हा पण चालूच असतं.

अजून एक चिडचिड. गेम चालू करायच्या आधी "प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स" (शेडर म्हणजे चित्र रंगवायच्या कार्डाला दिलेल्या सूचना) अशी एक पट्टी येते आणि टक्के मोजत बसते. चार कोरच्या प्रोसेसरवर मोठ्या गेमला ती इतका वेळ घेते की मी तोवर कुकर लावून येते, तीन शिट्ट्या होतात तरी हिचं सत्तर टक्के. स्किप बटण आहे, पण स्किप केलं तर सुरुवातीला खेळताना हिसके बसतात. सेटिंगमध्ये शेडरचं काम मागे चालू ठेवायचा पर्याय आहे, तो लावलाय, तेव्हापासून बरं आहे. आणि ड्रायव्हर अपडेट झाला की परत पहिल्यापासून.

फरक एवढा पडला की पीसी आता पंख्याचा आवाज कमी करतो आणि मधेच "अपडेट होतंय, बंद करू नका" म्हणून अडवत नाही. टॅलीसाठी मला अधूनमधून ऑफिसचा लॅपटॉप आणावा लागतो, ते जाऊ दे.

काळजी फक्त कार्डाची. एनव्हिडियाने सांगून टाकलंय की ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, जिच्यात माझ्या पिढीची कार्डं आहेत, त्यापुढच्या नव्या ड्रायव्हरमध्ये १०५० टीआय नाही. आज उद्या बंद पडणार नाही, पण नवीन प्रोटॉनला नवीन ड्रायव्हर लागायला लागला की माझी गाडी सायडिंगला. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच येतो, ती निळी मोजणी पण नाही, त्यामुळे सेकंड हँड आरएक्स ५८०, आठ जीबीवालं बघतेय. कोणाकडे असेल तर सांगा, घाटकोपर ते मुलुंड कुठेही येऊन घेऊन जाईन, पण क्रिप्टो मायनिंगला घासलेलं नको, आणि घ्यायच्या आधी अर्धा तास गेम चालवून दाखवायला पाहिजे.